ओढ्यातला कॅमेरा

"फक्त तोंड घ्या," सिंधू म्हणाली. "बाकीची माणसं काढता येतील ना?"

तिने काउंटरवर ठेवलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. पुढे नवरानवरी, मागे पाहुण्यांची दाटी, आणि त्या दाटीत एका फेट्याआड अर्धी झाकलेली तिची सासू, ठकूबाई. डोक्यावर पदर, नजर भलतीकडेच. फोटो आमच्याच स्टुडिओने काढलेला होता. म्हातारीचा दुसरा फोटो त्या घरात नव्हता.

"केवढा करायचा?" मी विचारलं.

"भिंतीला लावतात तेवढा. हार घालायला."

एवढं बोलून ती स्टुलावर बसली. रडत नव्हती. दोन दिवस जिच्या घरात चूल पेटलेली नाही अशी बाई बसते तशी, हात मांडीवर टाकून बसली होती.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. साकुरवाडी हे आमचं गाव कुकडीच्या कालव्याखाली येतं, म्हणून चारही अंगांनी ऊस. ऊस वाढला की त्यात बिबटे मुक्कामाला येतात. आमच्याकडे त्याला बिबट्या कुणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. माझा नवरा दिगंबर लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी कॉम्प्युटरवर बसून त्याच्या सीड्या तयार करायचे. त्या दिवशी तो नारायणगावला लग्नाला गेला होता. दुकानात मी एकटीच होते.

ठकूबाई परवा संध्याकाळपासून दिसत नव्हती. अलीकडे तिला भान राहायचं नाही. कधीच विकून टाकलेल्या शेळ्या शोधायला ती मधूनच घराबाहेर पडायची. रात्री गावातले लोक बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन निघाले. उसाच्या कडेला तिची एक चप्पल सापडली. तिथेच बांधाच्या बाभळीला पदराचा फाटका तुकडा अडकला होता, त्याला रक्त लागलेलं होतं. आणि ओल्या मातीत वाघाच्या पंजांचे ठसे होते. त्यानंतर लोक जे शोधत राहिले ते प्रेत. तेही मिळालं नाही. वनखात्याने पिंजरा लावला आणि त्या दिवशी सकाळी त्यात एक वाघ अडकला. तेव्हापासून अख्खं गाव पिंजऱ्याभोवती होतं. वाघ न्यायला आलेली गाडी लोक हलू देत नव्हते. त्यांच्यात सर्वांत पुढे होता पोपट डोके, म्हणजे सिंधूचा नवरा, ठकूबाईचा एकुलता एक मुलगा.

मी फोटो स्कॅनरवर ठेवतच होते, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. वनरक्षक वायाळ आत आले. अंगावरचा खाकी शर्ट घामाने भिजला होता.

"वहिनी, हे एवढं उघडून द्या," म्हणत त्यांनी खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. मग स्टुलावरची सिंधू त्यांना दिसली आणि ते गप्पच झाले.

"कसलं आहे?" मी विचारलं.

"ओढ्यात कॅमेरा बांधला होता, पुलाखाली. समोरून काही गेलं की आपोआप शूटिंग करतो. वाघ कुठून येतो-जातो ते बघायला मागच्या आठवड्यात लावला होता. आज काढून आणला. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. नुसता वाऱ्याचा आवाज येतो, चित्र काळंच. फोनवर तर उघडतच नाही."

"घाई आहे?"

त्यांनी सिंधूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पिंजऱ्यातला वाघ लहान आहे. वर्षाचाही नसेल. साहेब म्हणतात, माणूस ओढून न्यायची ताकद नाही त्याच्यात. पण लोकांना कोण सांगणार? कॅमेऱ्यात दुसरा मोठा वाघ दिसला तर तो फोनवर दाखवून गर्दी थोडी मागे घेता येईल. लोकांनी रॉकेलचे कॅन आणलेत, वहिनी. साहेब आणि दोन पोलीस, एवढेच आहेत तिथं."

मी कार्ड लावलं. आत दोनशेच्या वर फाईली होत्या. एक उघडून पाहिली, वायाळ सांगत होते तसंच झालं. नुसती सूंसूं आणि काळा पडदा. हे मला नवीन नव्हतं. प्रत्येक कॅमेरा आपल्या भाषेत शूटिंग करतो आणि प्रत्येक मशीनला ती भाषा येतेच असं नाही. दिगंबर लग्नं शूट करून आणायचा तेव्हा हीच कटकट व्हायची. म्हणून सगळ्या फाईली एकदम दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणारं एक सॉफ्टवेअर आम्ही घेऊन ठेवलं होतं. रांग लावून द्यायची, ते एकेक फाईल घेत जातं.

"यातली कुठली हवी?"

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

मग सगळ्याच टाकल्या. चित्र लहान ठेवलं, म्हणजे काम लवकर होईल आणि फोनवरही चालेल. बटण दाबलं आणि पहिली हिरवी पट्टी सरकायला लागली.

"ताई, तुम्ही घरी जा," वायाळ सिंधूला म्हणाले. "तुम्ही बघण्यासारखं नाही हे."

"बघते मी," सिंधू म्हणाली. "नेताना दिसल्या तर दिसू दे. निदान कुठं नेलं ते तरी कळंल."

रांगेचा जेमतेम चौथा हिस्सा झाला असेल नसेल, वीज गेली.

इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. मी उठून पंखा, ट्यूब, स्कॅनर, प्रिंटर, सगळं बंद केलं. शेवटी कॉम्प्युटरचा पडदाही बंद केला.

"हे काय करताय?" वायाळ दचकून म्हणाले.

"पडदा बंद असला तरी आतलं काम चालू राहतं. बॅटरी वाचेल."

दुकानात अंधारल्यासारखं झालं. दारातून येणारं ऊन तेवढं फरशीवर पडलं होतं. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून होतो आणि कॉम्प्युटरच्या डब्यातला छोटा पंखा घरघरत होता. तो थांबला की खेळ संपला, एवढंच आम्हाला कळत होतं.

वायाळांचा फोन वाजला. "हो साहेब. होतंय साहेब. वीज गेलीय," असं काहीतरी बोलत ते बाहेर पायरीवर गेले.

सिंधू आपणहून बोलायला लागली. "मी कांदे लावायला गेले होते. आत्याबाईंना जेवायला वाढलं आणि गेले. लोक म्हणतात, कडी का लावली नाही. रोज कडी लावली असती तर म्हणाले असते, म्हातारीला कोंडून ठेवती."

"पोपटभाऊ काही बोलले का?"

"नाय. तेच तर. परवापासून माझ्याशी एक शब्द नाय."

तिने पदराने कपाळ पुसलं. मी तिला पाणी दिलं. तिने भांडं हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

बॅटरी संपत आल्याची पहिली शिट्टी इन्व्हर्टरने दिली तेव्हा वायाळ आत आले. "झालं का बघा ना."

मी पडदा पुन्हा चालू केला. पट्टी पुढे सरकत सरकत शेवटाला आली होती. शेवटच्या दोनचार फाईली राहिल्या होत्या, त्याही आमच्या डोळ्यांदेखत झाल्या. मी नव्या फाईली ओळीने लावून दिल्या, म्हणजे एक संपली की दुसरी आपोआप सुरू होईल.

सुरुवातीला नुसतं गवत हलत होतं. मग कुत्री. मग एक साळिंदर. मी क्लिपा भराभर पुढे ढकलत होते. चित्राच्या खाली तारीख यायची ती एक जानेवारी दोन हजार दहा, म्हणजे कितीतरी जुनी.

"बॅटरी बदलली तेव्हा तारीख लावायची राहिली माझ्याकडून," वायाळ म्हणाले. "तिकडं लक्ष देऊ नका."

मग रात्रीचं एक चित्र आलं, भुरकट, राखाडी. बॅटऱ्यांचे झोत, गवत तुडवत येणारी माणसं. आवाज आला, "इकडं बघा, पुलाच्या आत बघा." एक माणूस अगदी कॅमेऱ्यासमोर येऊन थांबला. त्याच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात, छातीशी धरलेली, एक चप्पल.

"आमचे मालक," सिंधू म्हणाली.

पुढच्या क्लिपेत वाघ होता. मोठा, लांब, मान खाली घालून संथ चालत गेला. वायाळ एकदम पुढे वाकले. "हाच. हा मोठा आहे. पिंजऱ्यातला हा नव्हे. वहिनी, ही एवढी फोनमध्ये टाका, मी पळतो." त्यांनी फोनमधलं कार्ड काढायलाही घेतलं.

मी माऊस उचलला. तेवढ्यात पुढची क्लिप आपोआप सुरू झाली.

सकाळ होती. कोवळं ऊन गवतावर तिरपं आलं होतं. पुलाच्या दगडाला हात लावत एक बाई हळूहळू चित्रात आली. हिरवं लुगडं, पदराचं टोक फाटलेलं. "यं, यं, यं," ती म्हणत होती, शेळीला बोलावतात तसं. थोडी थांबली. कॅमेऱ्यावरचा बारीक लाल दिवा तिला दिसला असावा. तिने सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेली.

चित्र संपलं.

"ही आधीची असणार," वायाळ म्हणाले. "त्या नेहमी शेळ्या शोधत फिरायच्या ना. चार दिवसांपूर्वीची असेल. तारखेचा तर काही भरवसाच नाही."

सिंधू उठून उभी राहिली होती. "मागं घ्या," ती म्हणाली. "मालकांची लावा."

मी लावली. काठी, बॅटरी, छातीशी धरलेली चप्पल.

"आता पुढची."

वाघ गेला.

"आता पुढची."

"यं, यं, यं," ठकूबाई म्हणाली.

"चप्पल मिळाल्यावर मालक ओढ्यात उतरले," सिंधू सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "मग वाघ गेला. मग आत्याबाई गेल्या. वाघाच्या मागनं गेल्या. चालत."

वायाळ माझ्याकडे वळले. "वहिनी, या फाईलींना ओळीनं नंबर कुणी दिलेत? कॅमेऱ्यानं का तुमच्या मशीननं? मशीननं उलटसुलट केलं असेल तर? मी हे पोपटला दाखवायचं आणि मग खोटं निघालं तर..."

प्रश्न बरोबर होता. बदललेल्या फाईलींना ते सॉफ्टवेअर कधीकधी आपलेच नंबर देतं, आणि लग्नांच्या वेळी त्यापायी अक्षता आधी आणि हळद नंतर असं माझं झालेलं होतं. मी कार्ड उघडलं. मूळ फाईली तशाच होत्या, कॅमेऱ्याने घातलेल्या नंबरांसकट. पोपटची. तिच्या पुढचा नंबर वाघाचा. त्याच्या पुढचा ठकूबाईचा. मी प्रत्येकीवर बोट ठेवून दोघांना वाचून दाखवलं.

"हे कॅमेऱ्याचेच नंबर आहेत," मी म्हटलं. "यात माझा हात नाही."

इन्व्हर्टर आता सारखा शिट्ट्या मारायला लागला. मी तिन्ही क्लिपा फोनच्या कार्डावर टाकल्या, कार्ड वायाळांच्या हातात दिलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. शटर खाली ओढून मी आणि सिंधू त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. मी का निघाले ते मला आजही सांगता येणार नाही. तिला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं, इतकंच.

पिंजऱ्याजवळ जत्रेसारखी गर्दी होती, पण जत्रेचा आवाज नव्हता. पिंजऱ्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं आणि आतून गुरगुर येत होती. रॉकेलचा वास मला लांबूनच आला. वायाळ वाट काढत पोपटपर्यंत गेले. त्याचे डोळे लाल होते, हातात कुऱ्हाड होती.

"पोपट, हे बघ."

"मला काय दाखवू नका. गाडी हलणार नाय."

"नको हलू दे. आधी बघ."

सिंधू पुढे झाली. तिने वायाळांच्या हातातून फोन घेतला आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. "तुम्ही आहात," ती म्हणाली. "परवा रात्री. हातात चप्पल आहे, बघा." मग वाघ गेला. "आता बघा."

त्या लहानशा फोनमधून ठकूबाईचा आवाज आला. पोपटने कुऱ्हाड खाली ठेवली. क्लिप संपली तेव्हा तो म्हणाला, "परत लाव." तिने परत लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर तो तिथेच मातीत बसला.

"आई चालतीय," तो म्हणाला.

मागून कुणी म्हणालं, हे जुनं असेल, खात्याने बनवून आणलं असेल. पोपटने मान वर केली. "चप्पल माझ्या हातात हाय ना? मंग?" तो उठला आणि ओढ्याच्या दिशेने चालायला लागला, मग पळायला लागला. गर्दीतले निम्मे त्याच्या मागे पळाले. साहेबांनी ड्रायव्हरला नुसती खूण केली. पिंजरा गाडीवर चढला आणि गाडी गेलीही, तेव्हा तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

ओढ्याने वर गेलं की शिवेपलीकडे एक माळ लागतो. त्या माळावर ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. ठकूबाई हरवली त्याच संध्याकाळी ही माणसं आली होती, त्यामुळे तिथे टोळी आहे हेच आमच्या गावात फार थोड्यांना माहीत होतं. ट्रॅक्टर मिळाला, त्याच्या ट्रॉलीत बसून मी आणि सिंधू मागून पोचलो. माळावर उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या दारात, तीन दगडांच्या चुलीसमोर, ठकूबाई भाकरी थापत होती.

पोपट तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. नुसता उभा होता. धाप लागलेली.

टोळीतली शेवंता नावाची बाई घाबरून गेली होती. एवढी माणसं एकदम आल्यावर कुणीही घाबरेल. "आमी काय नाय केलं दादा," ती म्हणाली. "काल सकाळी आली चालत. पायाला उसाचं खुंट लागलं हुतं, रगत येत हुतं. फडकं बांधलं. नाव इचारलं तर म्हणती शेळ्या कुठं हायत. मुकादम कारखान्याला गेलाय, आला की गावात कळवायचं ठरलं हुतं. आन् बसू म्हटलं तर बसंना, भाकरी मी करते म्हणती."

सिंधू चुलीपाशी जाऊन खाली बसली. ठकूबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं. "पीठ घे," ती म्हणाली. "एवढ्या माणसांना पुरायचं नाय."

सिंधूने परातीत हात घातला. पाणी घालून ती पीठ मळायला लागली. तेव्हा कुठे पोपट पुढे आला, बायकोच्या शेजारी बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून हमसून रडायला लागला. म्हातारी दोघांकडे बघत राहिली आणि तव्यावरची भाकरी जळाली.

येताना पोपट पुढे ट्रॅक्टरवर ड्रायव्हरजवळ बसला. मागे ट्रॉलीत आम्ही तिघी. ठकूबाईला झोप लागली होती. तिचा फडकं बांधलेला पाय सिंधूने मांडीवर घेतला होता, ट्रॉलीचा धक्का लागू नये म्हणून.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "काल रात्री भावकीतल्या बाया मला म्हणाल्या, म्हातारी सुटली आन् तूही सुटलीस."

मी तिच्या जवळ सरकले.

"मला बरं वाटलं. घटकाभरच, पण वाटलं. झोपायला मिळंल असं वाटलं. मग रात्रभर डोळा लागला नाय." तिने ठकूबाईच्या पायावरची माती बोटाने झाडली. "सकाळपास्नं वाटत होतं, आता हे असंच घेऊन जगायचं. कुणाला सांगता येणार नाय. आन् तुमच्या त्या मशीनमध्ये त्या पदर सावरताना दिसल्या, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं, की कालचं ते काहीच नव्हतं. आता खरं सुटले मी."

एवढं बोलून ती ट्रॉलीच्या फळीला टेकली आणि पाहता पाहता बसल्या जागी झोपली. मी एका हाताने तिला धरलं आणि एका हाताने म्हातारीला.

घराजवळ आलो तोवर बातमी गावभर झाली होती. एकट्या ठकूबाईच्या माहेरच्यांना मात्र ती पोचली नव्हती. तिकडून बायकांची जीप भरून नुकतीच आली होती. ठकूबाईची धाकटी बहीण अंगणात बसून, डोक्यावर पदर घेऊन मोठ्याने रडत होती. लोक तिला सांगायला बघत होते, पण रडण्यात तिला काही ऐकू जात नव्हतं.

पोपटने आईला धरून खाली उतरवलं. ठकूबाईने ते रडणं ऐकलं, अंगणातली माणसं बघितली आणि चटकन पदर डोक्यावर घेतला.

"कोण गेलं गं?" तिने सिंधूला हलक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाय, आत्याबाई. सगळी आहेत."

तिला ते खरं वाटलं नसावं. लंगडत लंगडत ती अंगणात गेली, रडणाऱ्या बहिणीच्या शेजारी टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"उगी," ती म्हणाली. "उगी, बाई. मी हाय ना."